घरचा माऊथवॉश : त्यानं काय होतं आणि काय होत नाही

(महासंघाच्या मासिक सभेत वारणानगर इथं आरोग्याच्या विषयावर केलेलं हे भाषण आहे. सभेला येऊ न शकलेल्या गटांनी मागितलं म्हणून लिहून काढलं. बोलताना झालं तसंच बरंचसं ठेवलंय.)



आपल्या दशसूत्रीतली पहिली पाच सूत्रं सगळ्यांना तोंडपाठ आहेत. बैठक, बचत, कर्ज, परतफेड, हिशोब. सहावं सूत्र आरोग्य. त्याची पाळी आली की सभा संपत आलेली असते आणि सगळ्यांना म्हशीच्या धारेची आठवण होते. म्हणून आज मी अध्यक्षताईंकडून सुरुवातीलाच वेळ मागून घेतली.

विषय तुम्हीच दिलाय. मागच्या महिन्यात एका गटात एक वहिनी म्हणाल्या, "मॅडम, लेकीनं बाजारातनं तोंड धुवायचं निळं पाणी आणलंय. शंभर-सव्वाशे रुपये गेले आणि पंधरा दिवसांत बाटली संपली. हे घरी करता येत न्हाई का?" येतं. आज करूनच दाखवते. पण ते कशासाठी चालतं आणि कशासाठी चालत नाही, तेही सांगणार आहे. दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. का, ते पुढं कळेल.

आधी नाव. इंग्रजीत माऊथवॉश म्हणतात, आपण चूळ म्हणतो. जेवल्यावर चूळ भरायची सवय आपल्या आज्यांना होती. ताटावरून उठलं की तांब्या घेऊन मोरीवर जायचं आणि खळखळून तीन-चार चुळा भरायच्या. माऊथवॉशचं निम्मं काम एवढ्यानंच होतं, कारण दातांच्या फटीत अडकलेलं अन्न निघून जातं. आपण साखरेच्या गावात राहतो. तात्यासाहेब कोरे यांनी इथं सहकारातून साखर कारखाना उभा केला आणि त्याच्याभोवती हे गाव वाढलं. ऊस, गूळ, काकवी, दिवसातून चार वेळा गोड चहा, हे सगळं आपल्या दातांना रोज लागतं. गोड तोंडात राहिलं की तोंडातले जंतू ते खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरतं. त्यामुळं चहानंतर साधी पाण्याची चूळ भरली तरी फायदा आहे. त्याला एक रुपयाही लागत नाही.

आता कृती. लिहून घ्या. ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांनी शेजारणीला सांगा.

पहिलं, मिठाचं पाणी. एक ग्लास कोमट पाणी, म्हणजे साधारण पाव लिटर. त्यात चहाचा अर्धा चमचा मीठ विरघळवा. एक घोट तोंडात घेऊन अर्धा मिनिट सगळीकडं फिरवा आणि थुंका. असं ग्लास संपेपर्यंत करा. हिरड्या दुखत असतील, तोंड आलं असेल, तर दिवसातून दोन-तीन वेळा चालतं. दात काढून आल्यावर त्या दिवशी चूळ जोरात भरायची नाही, तिथली रक्ताची गुठळी निघून येते. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर सांगतील तसं हळूवार करायचं. ज्यांना बीपी आहे त्यांनी हे पाणी गिळायचं नाही. तसं कुणीच गिळायचं नाही.

दुसरं, खायच्या सोड्याचं पाणी. एक ग्लास पाणी आणि अर्धा चमचा खायचा सोडा. पित्तानं आंबट पाणी तोंडात येतं, उलटी होते, गरोदरपणात तर हे नेहमीचंच, अशा वेळी याची चूळ भरा. तोंडातला आंबटपणा कमी होतो. लगेच ब्रश करू नका. आम्लानं दाताचा वरचा थर तेवढ्यापुरता मऊ झालेला असतो, घासलं की तो झिजतो. अर्धा तास थांबा. आणि एक सांगते, सोडा म्हणजे खायचाच. कपडे धुवायचा सोडा नाही. त्यानं तोंड भाजतं. दोन्ही पुड्या एकाच फळीवर ठेवत असाल तर आजच घरी जाऊन वेगळ्या करा.

तिसरं, पेरूच्या पानांचा काढा. कोवळी आठ-दहा पानं धुवून दोन ग्लास पाण्यात उकळा. पाणी निम्मं झालं की उतरवा, गाळा, कोमट होऊ द्या. परसात पेरू नसेल असं घर आपल्याकडं कमीच. चव तुरट लागते, हिरड्यांना बरं वाटतं.

चौथं, त्रिफळा. म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा. एक चमचा चूर्ण एका ग्लास पाण्यात उकळून, गाळून, गार करून चूळ भरा. आपल्या देशातल्या दंत महाविद्यालयांत त्रिफळ्याच्या चुळीवर अभ्यास झाले आहेत आणि दातांवरचा चिकट थर कमी व्हायला त्याची मदत होते असं दिसलंय. पण नीट गाळा, नाहीतर कपड्यांवर डाग पडतात.

वासासाठी म्हणाल, तर चार लवंगा ठेचून गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. लवंगेचं तेल मात्र तसंच हिरडीला लावू नका, कातडी भाजते.

आता काय करायचं नाही. लिंबाची चूळ नको, व्हिनेगरची नको. मोबाईलवर दाखवतात की लिंबू घासलं की दात पांढरे होतात. लिंबू आम्ल आहे. दाताचा वरचा थर खातं, आणि तो थर परत येत नाही. राख, कोळसा, विटेची भुकटी, यांनी दात चरतात. आणि सहा वर्षांच्या आतल्या पोरांना कसलीही चूळ औषध म्हणून देऊ नका, ती गिळतात. त्यांना साधं पाणी.

हे पाणी किती दिवस टिकतं, हा प्रश्न प्रत्येक गटात येतो. टिकत नाही. दुकानातल्या बाटलीत टिकवायची औषधं असतात, आपल्यात नसतात. मीठ-सोड्याचं पाणी त्या वेळी करा आणि त्या वेळी संपवा. काढा सकाळी केलेला संध्याकाळपर्यंत. उरला तर झाडाच्या बुंध्यात ओता. मिठाचं पाणी मात्र झाडाला नको.

कचऱ्याचंही यात येतं. निळ्या पाण्याची बाटली, तिचं झाकण, वरची प्लास्टिकची पट्टी, हे सगळं संपल्यावर कुठं जातं? आपल्याकडं एक तर चुलीत, नाहीतर बांधावर, नाहीतर ओढ्यातनं वारणेत. घरच्या चुळीला बाटलीच लागत नाही, ग्लास पुरतो. काढा ठेवायचाच असेल तर लोणच्याची काचेची बरणी गरम पाण्यानं धुवून, उन्हात वाळवून वापरा. तणनाशकाची, कीटकनाशकाची, फिनेलची बाटली कितीही धुतली तरी तोंडात जाणाऱ्या गोष्टीला वापरायची नाही. हसू नका. मी घरोघरी फिरते, त्या बाटल्यांत पाणी भरून रानात नेलेलं मी बघितलंय.

एका गटानं विचारलं, "हे आपण बाटलीत भरून विकू या का? आपल्या वारणा बाजारात ठेवू." उत्साह चांगला आहे, पण नाही. दातांसाठी, तोंडासाठी म्हणून एखादी वस्तू बनवून विकायची तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, बनवायची जागा तशी लागते, तपासणी लागते. शिवाय आपलं पाणी दोन दिवसांत खराब होणार. पापड, चटणी, लोणचं यांत आपण तयार आहोत, तिथंच राहू. ही चूळ घरची, घरातच राहू दे.

आता दुसरा भाग.

चुळीनं तोंड स्वच्छ वाटतं, वास थोडा वेळ जातो, हिरड्यांना आराम पडतो. एवढंच. दातावर जो चिकट थर बसतो तो चुळीनं निघत नाही, त्याला ब्रश लागतो. दिवसातून दोनदा, फ्लोराइड असलेली पेस्ट वाटाण्याएवढी. पोखरलेला दात चुळीनं भरत नाही. आणि तोंडातला चट्टा चुळीनं बरा होत नाही.

हे शेवटचं वाक्य मला एका चुकीतनं कळलंय. ती चूक माझी होती.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या आधी मी एका गावात गटाच्या बैठकीत मिठाच्या पाण्याचं प्रात्यक्षिक केलं. नवीन नोकरी होती, पदवी हातात होती, फार छान बोलले असं मला वाटत होतं. मी म्हणाले, "तोंडाच्या सगळ्या तक्रारींवर हा सोपा उपाय." माझे शब्द अगदी हेच होते, सगळ्या तक्रारींवर. त्या बैठकीत एक मावशी होत्या. त्यांनी मला परवानगी दिलीय, "माझं सांग पोरी, पर नाव नगं." त्यांच्या खालच्या ओठाच्या आत, हिरडीला लागून, एक पांढरा चट्टा होता. तिखट लागलं की झोंबायचा. त्यांनी माझं ऐकलं आणि मिठाच्या चुळा सुरू केल्या. सकाळ-संध्याकाळ, न चुकता, तीन महिने. झोंबणं जरा कमी झालं म्हणून त्यांना वाटलं बरं होतंय. चट्टा तिथंच होता.

दिवाळीच्या आधी कर्जाच्या कागदावर सही घ्यायला मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझं मिठाचं पानी चाललंय बघ अजून." मी विचारलं कशासाठी. त्यांनी ओठ खाली ओढून दाखवला. मी काही डॉक्टर नाही, पण आमच्या प्रशिक्षणात असे फोटो दाखवले होते. मला दरदरून घाम फुटला. जिथं चट्टा होता, बरोबर तिथंच त्या वीस वर्षं मिश्री लावत होत्या.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला जेवढे दिवस लागले, तेवढे दिवस मला जेवण गेलं नाही. त्या मात्र रानात भांगलायला जात होत्या. रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, पण त्याच्या आधीची पायरी होती. डॉक्टर म्हणाले, तंबाखू आजपासून बंद आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. मावशींनी मिश्री सोडली. सोपं गेलं नाही, त्यांनीच सांगितलंय. पण सुटलीय, आणि तपासणीला त्या नेमानं जातात.

तेव्हापासून मी "सगळ्या तक्रारींवर" हे शब्द कुठल्याच प्रात्यक्षिकात वापरत नाही.

आता मिश्रीबद्दल बोलू. कुणी मशेरी म्हणतं. मला माहीत आहे, इथं बसलेल्या काही जणींच्या कनवटीला आत्ताही डबी आहे. मी हात वर करायला सांगणार नाही. माझी आजी लावायची. ती चांगली बाई होती, आणि तुम्हीही चांगल्या आहात. मिश्री लावणारी बाई वाईट नसते. तिला एका वस्तूनं धरलेलं असतं.

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. भाजल्यानं विष जळत नाही. बोटानं हिरडीला लावली की त्यातलं निकोटीन हिरडीतनं थेट रक्तात जातं, म्हणून ती लावल्याशिवाय चैन पडत नाही. दात घासायचं निमित्त असतं, खरं काम तल्लफेचं असतं. दात घासायला दिवसातून चार-पाच वेळा कोण बसतं? 1992 साली केंद्र सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. म्हणजे तंबाखू दातांसाठी नाही, हे कायद्यानं सांगून तीस वर्षं उलटली. तरी घराघरातल्या तव्यावर ती भाजली जाते, कारण तव्यावर बंदी कोण घालणार? 2012 साली आपल्या राज्यात गुटखाबंदी आली. 2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात 26.6 टक्के प्रौढ माणसं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती. चार माणसांत एक. आपल्या बायकांत त्यातली बरीचशी अशीच, धूर न काढणारी.

गरोदर बाईनं मिश्री लावली तर बाळापर्यंत ती पोचते. बाळ वजनानं कमी भरतं. सुनेला डोहाळे म्हणून मिश्री देऊ नका.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं, सांगू? "ही लावल्याबिगर पोट साफ होत न्हाई." खरं आहे, निकोटीननं आतडं हलतं. पण हे काम सकाळी उठल्यावर दोन ग्लास कोमट पाणी, रात्री भिजवलेले चार मनुके, जेवणात पालेभाजी, यांनीही होतं. पहिला आठवडा त्रास होईल, मग शरीर वळणावर येतं.

सोडायचं कसं? मावशींनी केलं ते सांगते. दिवसातून पाच वेळा होती, ती मोजली. आधी मोजायलाच शिका, आपण हिशोब ठेवणाऱ्या बायका आहोत. मग एक ठरलेला दिवस धरला आणि डबी घराबाहेर काढली. तल्लफ आली की भाजलेली बडीशेप नाहीतर ओवा तोंडात टाकायचा. नाहीतर उठून मिठाच्या पाण्याची चूळ भरायची. इथं माझी चूळ खरी उपयोगाला आली. हाताला काम मिळतं, तोंडाला चव मिळते आणि तल्लफेची ती पाच-दहा मिनिटं निघून जातात. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप लागत नाही. घरच्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे "हिला काय झालंय" म्हणणार नाहीत. परत एकदा लावली गेली, तर सगळं संपलं असं समजू नका. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू करा. सरकारची फुकट मदतवाहिनी आहे, 1800-112-356. तिथं समुपदेशक बोलतात. फोन लावायला लाज वाटत असेल तर मला सांगा, मी शेजारी बसते.

आणि पैसे. रोज दहा रुपयांची पुडी धरा. महिन्याला तीनशे, वर्षाला 3,650. आपल्या कितीतरी गटांत बचत महिन्याला शंभर रुपयेच आहे.

आता तोंड तपासायचं. महिन्यातून एकदा, गटाच्या बैठकीच्या दिवशी सकाळी. म्हणजे विसरणार नाही. हात धुवा, आरसा घ्या, उजेडाला उभ्या राहा, नाहीतर मोबाईलची बॅटरी लावा. वरचा ओठ उचलून आत बघा, खालचा ओढून बघा. दोन्ही गालांची आतली बाजू. जीभ बाहेर काढून वरून, दोन्ही कडांनी, मग जीभ टाळूला लावून खालून. टाळू बघा. बोटानं गाल आणि हिरडी चाचपा. मग तोंड पूर्ण उघडा, आपलीच तीन बोटं उभी आत जातात का बघा.

काय शोधायचं? पांढरा किंवा लाल चट्टा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम. गाठ. कारण नसताना येणारं रक्त. तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडणं. गिळताना त्रास. यातलं एकही असेल आणि दुखत नसलं, तरी दाखवायचं. दुखत नाही म्हणूनच तर उशीर होतो.

दाखवायचं कुठं? तीस वर्षांवरच्या सगळ्यांची आशाताई माहिती घेतात, फॉर्म भरतात. त्यात तंबाखूचा प्रश्न असतो. तिथं खोटं सांगू नका, त्या काही पोलीस नाहीत. उपकेंद्रात, आरोग्य मंदिरात तोंडाची तपासणी होते. आणि आपलं नशीब असं की नव्या पारगावात तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. कोडोलीतनं, तळसंद्यातनं, किणीतनं, घुणकीतनं वडापनं जाता येतं. लांब नाही. लांब वाटतं ते भीतीमुळं.

ज्यांना शुगर आहे त्यांच्यासाठी एक जास्तीचं. शुगर वाढली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात यायला जड जातं. हिरडीतनं रक्त येत असेल तर डॉक्टरांना दोन्ही सांगा.

शेवटी तीन कामं देते. पुढच्या सभेला विचारणार आहे.

एक, प्रत्येक गटाच्या बैठकीत या महिन्यात मिठाच्या पाण्याचं प्रात्यक्षिक करा. ते करताना हे नक्की सांगा की चूळ औषध नाही, आणि दोन आठवडे न भरणारी जखम डॉक्टरलाच दाखवायची.

दोन, गटातल्या प्रत्येकीनं तोंड आरशात बघून यावं. इतिवृत्तात फक्त एवढंच लिहा, किती जणींनी बघितलं. कुणाला काय दिसलं ते लिहायचं नाही. ज्यांना काही दिसलं त्यांनी अध्यक्ष किंवा मला बाजूला घेऊन सांगा. मी सोबत येते.

तीन, ज्या कुणी मिश्री सोडायचं ठरवतील त्यांनी गटातली एक जोडीदार निवडावी. कर्जाला आपण एकमेकींना जामीन राहतो ना, तसंच यालाही. तल्लफ आली की जोडीदाराला हाक मारायची.

आत्ता समोर पातेलं आहे, मीठ आहे, ग्लास आहेत. या, पहिली चूळ आपण सगळ्या मिळूनच भरू. थुंकायला मागच्या मोरीवर जायचं, सभागृहाच्या दारात नाही.